एक पूर्ण मिनिट

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तू बीएस्सी नर्सिंगला जायचं म्हणालीस तेव्हा "चार वर्षं शिकून शेवटी इंजेक्शनंच देणार ना?" असं बाबा म्हणाले आणि तुला उत्तर सुचलं नाही, हे वाचून वाईट वाटलं.

इंजेक्शनाचंच घे. इन्सुलिनची कुपी मिलिलिटरला ४० युनिटची असते, १०० चीही असते. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, केशरी १०० साठी. कुपी १०० ची आणि हातात लाल सिरिंज आली, तर २० च्या खुणेपर्यंत भरूनही अंगात ५० युनिट जातात. केस पेपरवर डोस बरोबरच लिहिलेला असतो. ही चूक तुलाच पकडायची असते, आणि फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, त्यासाठी शिकवतात.

त्याहून मोठं काम पाहण्याचं. श्वास मोजताना मनगट सोडायचं नाही. नाडीच बघतोय असं पेशंटला वाटू द्यायचं आणि नजर छातीवर ठेवायची. त्याला कळलं की श्वास बदलतो. मोजायचे पूर्ण मिनिटभर. शिकाऊ असताना मी एकदा ऑपरेशन झालेल्या आजोबांचे श्वास न मोजताच '२०' लिहिले. पुढच्या पाळीच्या सिस्टरांनी मोजले तर ३२! बीपी अजून ठीक होतं, डॉक्टर वेळेत आले, आजोबा घरी गेले. तो चार्ट मी अजून विसरलेले नाही.

बाळंतपण, मुलं, मनोरुग्ण, वॉर्डचा कारभार, संशोधन हे सगळं अभ्यासक्रमात आहेच. मला मात्र सगळ्यात मोलाची वाटते ती वस्तीतली घरभेट. मधुमेह असलेल्या मावशींना "साखर बंद करा" म्हणून भागत नाही. त्या कुणाकुणाकडे चहा घेतात, हे ओट्याशी बसून विचारावं लागतं. बीएस्सी झालेल्यांना आरोग्य उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून घेतात. तिथे शेजारच्या खोलीत डॉक्टर नसतो. कुणाला इथेच उपचार द्यायचे आणि कुणाला लगेच पुढे पाठवायचं, हे तूच ठरवणार.

कॉलेज निवडताना इमारत पाहू नकोस. भारतीय परिचर्या परिषदेची आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता बघ. मुली ड्यूटीला कुठल्या रुग्णालयात जातात आणि मॅडम त्यांच्यासोबत वॉर्डात उभ्या राहतात का, हे तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचार.

रविवारी ये. त्याआधी एका रात्री आजी झोपल्या की सेकंदकाट्याचं घड्याळ घेऊन त्यांचे श्वास मोज, आणि आकडा लिहून आण.

तुझी,
सिस्टर मावशी