वाचकांचे प्रश्न : नाटक शिकताना आणि शिकून झाल्यावर

प्रश्न : मी कळव्याला राहतो, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजकडून एकांकिका केल्या, आता पुढे नाटकच शिकायचं आहे. मुंबई, पुणे की थेट दिल्ली? घरच्यांचं म्हणणं, रोज घरी येता येईल असं काहीतरी बघ.

उत्तर : घरून ये-जा करायची असेल तर मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातली अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स सोयीची. पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा. कळव्याहून धीमी लोकल पकडून कुर्ला, तिथून बस किंवा रिक्षा. खरी ओढाताण प्रवासाची नसते, दिवसाच्या लांबीची असते. दुपारपर्यंत तास, मग तालीम, आणि प्रयोग तोंडावर आला की शेवटच्या लोकलचा हिशेब. तालमीच्या नावाखाली सकाळच्या तासांना दांड्या पडतात, 75 टक्के हजेरी भरत नाही आणि परीक्षेच्या आधी धावपळ होते. नाट्यशास्त्र, रंगभूमीचा इतिहास हे तास कंटाळवाणे म्हणून सोडू नका. पुढे शिकवायचं ठरलं तर तेच कामाला येतात.

पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. तिथे राहण्याचा खर्च धरा. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आणि निवासी. तिथे पदवीबरोबर किमान सहा नाटकांतल्या सहभागाची अट असते. वयोमर्यादा आणि सवलती त्या वर्षीच्या प्रवेशपत्रकात पाहा. सहभागाचा पुरावा मात्र आजच गोळा करायला घ्या : नाव छापलेली पत्रकं, स्पर्धेची प्रमाणपत्रं, प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचं पत्र. ग्रुप फुटला की हे कागद कुणाकडे मागायचे, हेच कळत नाही.

निवडचाचणीसाठी दोन-अडीच मिनिटांचे दोन उतारे बसवा, एकमेकांपासून अगदी वेगळे. ठहराव धरून बोललं तर तेवढ्या वेळात 200 ते 250 शब्द होतात; 400 शब्दांचा उतारा घेतलात तर तुम्ही पळत सुटणार. बहुतेक जण रडण्याचा उतारा निवडतात आणि पहिल्याच वाक्याला सूर वरच्या पट्टीत लावतात, मग चढायला जागाच उरत नाही. ज्यात पात्राला समोरच्याकडून काहीतरी हवं आहे, असा उतारा निवडा. नजर परीक्षकांच्या डोळ्यांत नको, त्यांच्या डोक्याच्या थोडी वर ठेवा.

प्रश्न : नेरूळहून लिहिते आहे. नाट्य अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला आहे. एका एकांकिकेची प्रकाशयोजना माझ्याकडे आली. कॉलेजच्या हॉलमध्ये एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा खटका) सारखा पडत होता, आणि प्रयोगात निळी रात्र काळीकुट्ट झाली. कुठे चुकलं?

उत्तर : प्रश्न दोन आहेत, कारणंही दोन.

आधी वीज. 1000 वॅटचा पार (रंगमंचावरचा झोताचा दिवा) 230 व्होल्टवर साधारण 4.35 अँपिअर ओढतो. भिंतीतल्या छोट्या, 6 अँपिअरच्या सॉकेटवर एकच पार. मोठ्या 16 अँपिअरच्या सॉकेटवर कागदावर तीन बसतात, पण 13 अँपिअर तासभर सतत वाहिले की जुनी वायर तापते. तिथे दोनच लावा. भिंतीतले दोन-तीन सॉकेट बहुधा एकाच एमसीबीवर असतात, म्हणून प्लग वेगळा घेतला तरी भार तिथेच पडतो. कुठला सॉकेट कुठल्या एमसीबीवर आहे हे कॉलेजच्या वायरमनकडून समजून घ्या आणि चिठ्ठी चिकटवा. जोडण्या त्याच्याच देखत करा.

आता निळी रात्र. हॅलोजनचा दिवा डिमरवर (उजेड कमी-जास्त करायचं यंत्र) खाली आणला की त्याचा उजेड तांबूस होतो. निळा जिलेटीन, म्हणजे दिव्यासमोर लावायचा रंगीत पारदर्शक कागद, तांबूस उजेड अडवतो, म्हणजे 30 टक्क्यांवर निळ्यातून बाहेर जवळजवळ काहीच येत नाही. रात्र म्हणजे अंधार, असं समजून सगळे निळे खाली ओढले जातात आणि चेहरे गायब होतात. उलट करा. निळे दिवे कमी लावा, पण 70 टक्क्यांच्या वर ठेवा. गडद निळ्याऐवजी फिकट घ्या. चेहऱ्यासाठी बाजूने, साधारण 45 अंशांत, बिनरंगाचा एक दिवा 20-25 टक्क्यांवर. प्रेक्षकाला रात्रच दिसते, आणि नटाचे डोळेही दिसतात. डोळे दिसले नाहीत तर संवादही नीट ऐकू येत नाही, हे ध्यानात ठेवा.

क्यू शीटबद्दल, म्हणजे कुठला प्रकाशबदल (क्यू) कधी करायचा त्या यादीबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगायलाच हवं. क्रमांक 1, 2, 3 असे देऊ नका. 10, 20, 30 द्या, म्हणजे रंगीत तालमीत मध्येच 15 घालता येतो. प्रत्येक क्यूसमोर आधीचं वाक्य, कुठले दिवे, किती टक्के आणि किती सेकंदांत, एवढं हवंच. क्यू वाक्यावर आहे की हालचालीवर, हेही लिहा. नटाने वाक्य गाळलं तर वाक्यावरचा क्यू फसतो. दार उघडण्यावरचा क्यू दार उघडेपर्यंत थांबतो. स्पर्धेत तांत्रिक तयारीला मोजकीच मिनिटं मिळतात, तेव्हा बारा क्यू नेमके पडणं चाळीस अर्धवट क्यूंपेक्षा केव्हाही चांगलं.

प्रश्न : मुलगी नाटकात एम.ए. करते आहे, आम्ही ऐरोलीला असतो. तिला मैत्रिणींबरोबर स्वतःची संस्था काढायची आहे. पोटापाण्याचं काय?

उत्तर : ताई, संस्था आणि पोटापाणी या दोन वह्या वेगळ्या ठेवायला सांगा. प्राध्यापकीसाठी पदव्युत्तर पदवीला 55 टक्के (राखीव प्रवर्गांना सवलत असते) आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते; नेटमध्ये नृत्य-नाट्य हा स्वतंत्र विषय आहे. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे, पण वयाची अट 18 ते 25 अशी असल्याने उशीर नको. ठाण्यात घोडबंदर रोडला मालिकांची चित्रीकरणं चालतात, तिथे सहायक दिग्दर्शनाची कामं असतात. डबिंग आणि शाळांमधलं नाट्यशिक्षण यांतूनही महिना निघू शकतो. अभिनयाबरोबर प्रकाश, ध्वनी किंवा रंगमंच व्यवस्थापन यातलं एक तरी हाताशी असेल तर काम लवकर मिळतं.

संस्थेसाठी क्रम असा : लेखकाची लेखी परवानगी, मग रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं संहितेला प्रमाणपत्र, मग नाट्यगृहाची तारीख. गडकरी रंगायतन, डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह किंवा वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह, कुठेही शनिवार-रविवारच्या तारखांवर व्यावसायिक नाटकांचा डोळा असतो; आठवड्यातला मधला वार मागावा. आणि दुसऱ्यांच्या नाटकात काम घेताना पहिल्या तालमीच्या आधीच तिने विचारावं : नाइट (एका प्रयोगाचं मानधन) किती, तालमीचे पैसे वेगळे का, दौऱ्यावर प्रवास आणि राहण्याचा खर्च कुणाचा. उत्तर मिळालं की त्याच दिवशी निर्मात्याला तसा लेखी मेसेज पाठवून ठेवावा.