दुकाने, कार्यालये आणि घर एकाच इमारतीत : वाय-फाय स्विच, झिग्बी की थ्रेड?

राजारामपुरीत खाली दुकाने, पहिल्या मजल्यावर भाड्याने द्यायची कार्यालये आणि वर राहते घर अशी इमारत तुम्ही बांधत आहात. वायरमनच्या सांगण्यावरून सगळीकडे वाय-फाय स्विच बसवावेत, की झिग्बी, थ्रेड, मॅटर या स्मार्ट उपकरणे जोडणाऱ्या मानकांपैकी काही निवडावे, असे तुम्ही विचारले आहे. कोल्हापुरात मी हेच काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. प्लास्टर अजून झाले नसेल, तर मानक ठरवण्याआधी प्रत्येक स्विचबोर्डापर्यंत न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, ओढून घ्या आणि इन्व्हर्टरची लाइन प्रत्येक मजल्यावर फिरवा.

वाय-फायमध्ये प्रत्येक स्विच थेट राउटरशी बोलतो, त्यामुळे मधे दोन स्लॅब आले की तक्रारी सुरू होतात आणि पन्नास-साठ स्विच झाले की घरगुती राउटर दमतो. झिग्बी आणि थ्रेड मेश, म्हणजे जाळे, विणतात; त्यात संदेश एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे जातो, स्लॅबच्या दिवशी घमेली हातोहात वर चढतात तसा. मात्र घमेले पुढे देणारा माणूस जागेवर उभा असावा लागतो. बॅटरीवर चालणारे सेन्सर बहुतेक वेळ झोपलेले असतात, ते दुसऱ्याचा संदेश पुढे नेत नाहीत. ते काम सतत वीज असलेली उपकरणेच करतात. न्यूट्रलशिवाय चालणारे स्मार्ट स्विचही बहुधा हे काम करत नाहीत, हे दुकानदार सहसा सांगत नाही.

हे मी अनुभवाने शिकलो. मंगळवार पेठेतल्या एका जुन्या घरात, जिथे काळ्या दगडाच्या भिंती हातभर जाड आहेत, मी हौसेने झिग्बीचे स्मार्ट बल्ब लावले आणि त्यांच्याच भरवशावर मागच्या दाराला सेन्सर बसवला. दिवसभर सगळे छान चालायचे, रात्री दहानंतर मात्र सेन्सर गप्प. तीन खेपा झाल्यावर उलगडा झाला : घरातल्या आजी झोपण्यापूर्वी सोप्यातला दिवा नेहमीच्या सवयीने भिंतीवरच्या बटणाने बंद करत, आणि मधला दुवाच निखळत असे. आजींची सवय बदलणे मला शक्य नव्हते आणि तशी अपेक्षा करणेही चूकच. बल्ब काढून साधे लावले, बटणामागे न्यूट्रल घेतलेला रिले (बोर्डात मावणारा छोटा बिनतारी स्विच) बसवला आणि तक्रार संपली.

वीज गेल्यावर काय होते, याचाही विचार आत्ताच करावा. आपल्याकडे इन्व्हर्टरवर साधारणपणे प्रत्येक खोलीतला एक दिवा आणि एक पंखा असतो. हब (जाळे सांभाळणारी मुख्य पेटी) आणि राउटर इन्व्हर्टरवर आहेत, पण जिन्यातले आणि पॅसेजमधले रिले नाहीत, असे झाले तर ऐन अंधारात जाळ्याचे दोन तुकडे होतात. म्हणून प्रत्येक मजल्यावर, जिन्याच्या जवळ, निदान दोन रिले इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावेत.

आता मानकांविषयी. झिग्बी आणि थ्रेड या दोहोंचा रेडिओ एकाच पायावर, म्हणजे आयईईई ८०२.१५.४ या बिनतारी मानकावर, उभा आहे. दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि वेग सेकंदाला २५० किलोबिट एवढाच असतो. दिवे, पडदे, सेन्सर यांना तो भरपूर आहे. कॅमेऱ्याचा विचार तिथे करूच नये. फरक वरच्या थरात आहे. झिग्बीचे जाळे एका को-ऑर्डिनेटरने, म्हणजे बहुधा हबमधल्या मुख्य उपकरणाने, उभे केलेले असते आणि तो बिघडला की ॲपवरचा कारभार थांबतो. थ्रेडमध्ये प्रत्येक उपकरणाला इंटरनेटच्या पद्धतीचा आयपीव्ही६ पत्ता असतो, प्रमुख उपकरण बंद पडल्यास दुसरे आपोआप त्याची जागा घेते, आणि बॉर्डर राउटर, म्हणजे थ्रेडचे जाळे घरच्या वाय-फायशी जोडणारी उपकरणे, एकाहून अधिक ठेवता येतात. मॅटर हा रेडिओच नव्हे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. ती वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांची समाईक भाषा आहे आणि थ्रेड, वाय-फाय किंवा इथरनेट यांवरून बोलली जाते. नव्या घरासाठी मी मॅटर चालणारी थ्रेडची उपकरणे सुचवीन. हवा तो प्रकार मिळाला नाही तर झिग्बी घेण्यात कमीपणा नाही, ब्रिज (मधे दुभाष्याचे काम करणारे उपकरण) लावून ते मॅटरशी जोडता येते. झिग्बी घेतलेच, तर वाय-फाय १, ६ किंवा ११ या चॅनलवर पक्के करून झिग्बीला १५, २० किंवा २५ द्यावा, म्हणजे एकमेकांवर ओरडणे कमी होते.

कार्यालयांचा मजला मात्र घराच्या जाळ्यात अजिबात मिसळू नका, कारण भाडेकरू बदलला की तुमच्या घराची किल्ली त्याच्या खिशात राहिल्यासारखे होते. तिथे मुख्य गरज दिव्यांची असते आणि त्यासाठी २०१७ मध्ये आलेले ब्लूटूथ मेश मला अधिक योग्य वाटते. त्यात संदेश ठरावीक मार्गाने न जाता सगळीकडे पसरतो, आणि हालचाल टिपणारा सेन्सर मधल्या हबला न विचारता अख्ख्या गटाच्या दिव्यांना थेट हुकूम देतो. छत अजून उघडे असेल आणि खर्च झेपत असेल, तर दिव्यांसाठी डाली (DALI) ही तारेवरून दिवे नियंत्रित करण्याची पद्धत त्याहून निर्धोक. बिनतारी विकणारा मी हे लिहितो आहे, हे लक्षात घ्या.

जाळ्याच्या चाव्या, म्हणजे त्याचे खाते आणि पासवर्ड, कोणाच्या नावावर राहतील, हे काम देतानाच लेखी ठरवा. माझ्या एका ग्राहकाच्या दुकानात आधीच्या ठेकेदाराने सगळे स्वतःच्या मोबाइलवरून जोडले होते आणि नंतर फोन उचलणे बंद केले. शेवटी बावीस रिले एकेक करून रीसेट करावे लागले.

राहिल्या दोन बारीक गोष्टी. भिंतीत लोखंडी बॉक्स बसवू देऊ नका, त्यात रिले कोंडला की त्याचा रेडिओ संदेश नीट बाहेर येत नाही. पीव्हीसीचे, जरा खोल बॉक्स मागवा. आणि मॅटरच्या प्रत्येक उपकरणावर क्यूआर कोड व अकरा आकडी जोडणी कोड यांचे स्टिकर असते. ते भिंतीत जाण्यापूर्वी, बोर्डाचा क्रमांक शेजारी खडूने लिहून, प्रत्येकाचा फोटो काढून ठेवा.