साडी तयार, व्यापारी अजून ठरायचाय

प्रश्न : आमचे यंत्रमाग आहेत. साड्यांची नोंद ठेवायला धाकट्या भावानं रेल्समध्ये (वेब-ॲप बनवायची चौकट) ॲप केलंय. प्रत्येक साडीला विणकर आणि व्यापारी जोडलेला आहे. पण लग्नसराईच्या आधी आम्ही मागणी नसतानाही माल काढून ठेवतो. व्यापारी रिकामा सोडला की ‘मस्ट एक्झिस्ट’ येतं, साडी सेव्ह होत नाही. भाऊ म्हणतो, ‘शिल्लक माल’ नावाचा एक खोटा व्यापारी घालूया. घालू का?
— एक वाचक, वडगाव (बेळगाव)

उत्तर : अजिबात नको! वर्षअखेरीला हिशेब काढाल तेव्हा हाच तुमचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक निघेल, वर त्याच्याकडून येणं बाकी. माझं माहेर शहापूरचं, घरात माग होते. वडिलांच्या वहीत माल विकेपर्यंत व्यापाऱ्याचा रकाना कोराच असायचा. तेच इथं करायचं.

रेल्स 5 (2016) पासून ‘बिलाँग्ज टू’नं (ही नोंद त्या नोंदीची, असं सांगणारी ओळ) जोडलेली नोंद सक्तीची धरली जाते. आधी तसं नव्हतं. साडीच्या मॉडेलमध्ये व्यापाऱ्याच्या ओळीपुढं ‘ऑप्शनल: ट्रू’ लिहा, झालं. विणकराच्या ओळीला हात लावू नका; विणकराशिवाय साडी कुठून येणार? कॉन्फिगमधून सगळीकडचीच सक्ती काढायचा सल्लाही कुणीतरी देईल, तो ऐकू नका.

एवढं करूनही अडलं तर डेटाबेसच्या कॉलमवर ‘नॉट नल’ (रिकामं चालणार नाही, ही अट) असेल. ते रेल्सच्या तपासणीहून वेगळं. मायग्रेशनमध्ये (डेटाबेसची रचना बदलणारी फाईल) ‘चेंज कॉलम नल’नं काढा.

आता खरी मेख. ‘ऑप्शनल’ लिहिलं की रेल्स रिकामी जागा चालवून घेतं, तसाच चुकीचा आयडीही. यादीत नसलेल्या व्यापाऱ्याचा नंबर पडला तरी हूं की चूं करत नाही. म्हणून डेटाबेसमध्ये फॉरेन की (व्यापाऱ्यांच्या यादीशी बांधणारी अट) हवीच. ती रिकामी जागा चालवते, खोटा नंबर अडवते. फॉर्ममध्येच नीट संदेश दिसायला हवा असेल, तर आयडी भरलेला असतानाच व्यापारी आहे का ते बघणारं व्हॅलिडेशन लिहा. मी दोन्ही ठेवते. भाऊ म्हणेल कशाला एवढं, ठेवायला लावा.

व्यापाऱ्याचं नाव जिथं जिथं छापताय तिथं तो नसेल तर काय, हे बघून घ्या, नाहीतर पान तिथंच कोसळेल. आणि साठ्याची यादी ‘जॉइन्स’नं काढत असाल तर न विकलेल्या साड्या तिच्यात येणारच नाहीत. तिथं ‘लेफ्ट जॉइन्स’ वापरा.