युद्धोत्तर अमेरिका वाचायला घेताय? आधी या संज्ञा पक्क्या करा

संज्ञांची यादी पाठ करू नका. प्रत्येक संज्ञा एखाद्या घटनेशी जोडून ठेवा. 'कंटेनमेंट' म्हटलं की मार्च १९४७ मधलं अध्यक्ष ट्रुमन यांचं काँग्रेससमोरचं भाषण आणि ग्रीस-तुर्कस्तानसाठी मागितलेले ४० कोटी डॉलर आठवले पाहिजेत. (काँग्रेस म्हणजे तिथली संसद, आपल्याकडे इथेच पहिला गोंधळ होतो.) सोव्हिएत विस्तार आहे तिथेच रोखायचा, हा अमेरिकी मुत्सद्दी जॉर्ज केनन यांचा कंटेनमेंटचा विचार समजल्याशिवाय कोरिया आणि व्हिएतनामची युद्धं कळत नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ मात्र 'फिलिबस्टर'ला द्या. सिनेटमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहात, बोलत राहून विधेयक अडवायचं, ही ती पद्धत. ती मोडायला 'क्लोचर'चा, म्हणजे चर्चा थांबवण्याचा, ठराव लागतो. १९६४ च्या नागरी हक्क विधेयकावर दक्षिणेतल्या सिनेटरांनी आठवडेच्या आठवडे चर्चा लांबवली. अखेर १० जूनला ७१ विरुद्ध २९ मतांनी ती थांबली. तेव्हा दोन-तृतीयांश मतं लागत. १९७५ पासून बहुतेक वेळा ६० पुरतात. अडवणारे बहुतेक डेमोक्रॅट आणि कायद्यावर सही करणारे लिंडन जॉन्सनही डेमोक्रॅटच! म्हणून पक्षांचं आजचं चित्र त्या काळावर लादू नका.

'राज्यांचे हक्क' दिसलं की विचारा, कशाचा हक्क? १९४८ मध्ये दक्षिणेतले नेते स्ट्रॉम थरमंड याच घोषणेवर अध्यक्षपदासाठी उभे राहिले, ते कृष्णवर्णीयांना गोऱ्यांपासून वेगळं ठेवणारं वांशिक विभाजन टिकवायला.

'मॅकार्थीवाद', म्हणजे सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्यासारखं पुरेशा पुराव्याविना लोकांवर कम्युनिस्ट असल्याचे आरोप करणं, लवकर समजेल. फक्त लक्षात ठेवा, सरकारी नोकरांच्या निष्ठेची तपासणी ट्रुमन यांनी १९४७ मध्येच सुरू केली होती. मॅकार्थी गाजले ते १९५० पासून.