सपाटीची पोरं आणि एकवीस वळणं

सोलापूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप परवा ऐकला. ग्रेनोबलहून फ्रान्समधल्या आल्प द्युएझचा घाट सायकलने चढायचं ठरवलंस, याचा फार आनंद झाला. पण शेवटी हळूच म्हणालास, "काका, आपण सोलापूरची माणसं, आपल्याला घाट कुठे माहीत?" ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

घाट तुला माहीत आहे. तुळजापूर नाक्यावरून पहाटे निघून, तामलवाडी मागे टाकून आईच्या डोंगराला तू किती वेळा भिडलास! कोजागरीला आपली निम्मी गल्ली ती वाट पायी चालते. तुळजापूरचा चढ लहान आहे, मान्य. पण त्याच्या आधीचे ४० किलोमीटर मोठे आहेत. समोरून वारा असला की त्या सपाटीवर पायडल एक क्षण थांबवता येत नाही. लांब चढावर पायांना नेमकं हेच करावं लागतं: तासभर न थांबता, एकाच लयीत फिरत राहायचं.

आणि हे बघ, त्या घाटातलं सातवं वळण डच लोकांचं म्हणून ओळखतात. १९७६ ते १९८९ या काळात टूर द फ्रान्स या मोठ्या सायकल शर्यतीत डच सायकलपटूंनी आठ वेळा तिथला टप्पा जिंकला. त्यांचा देश आपल्या सोलापूरपेक्षाही सपाट!

आता घाटाबद्दल. पायथ्याच्या ल बूर द्वाझाँ गावातून वरपर्यंत १३.८ किलोमीटर, सरासरी चढ ८.१ टक्के, म्हणजे दर शंभर मीटरला आठ मीटर वर. वळणं २१, आणि त्यांचे आकडे उलटे: खाली २१, वर १. प्रत्येक वळणावर त्या शर्यतीत या घाटाचा टप्पा जिंकलेल्यांच्या नावाची पाटी आहे. तळाच्या पाटीवर १९५२ साली पहिल्यांदा जिंकलेल्या इटालियन सायकलपटू फाउस्तो कोप्पीचं नाव दिसेल. बघ, पण थांबू नकोस.

माझी चूक या तळाशीच झाली होती. मी तिथे नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट. ग्रेनोबलपासूनचे ५० किलोमीटर रोमांश नदीच्या खोऱ्यातून मजेत काढले. तो रस्ताही हळूहळू चढत असतो हे लक्षातच आलं नाही, आणि वाटेत एक केळं सोडलं तर काही खाल्लं नाही. गावाबाहेर पडल्याबरोबर रस्ता उभा राहतो. पहिले दोन किलोमीटर दहा टक्क्यांच्या घरातले, सगळ्या घाटातले सर्वांत वाईट. पुढे दोघे जण दिसले, त्यांना गाठायला गेलो. सोळाव्या वळणाशी पोटऱ्यांत असे गोळे आले की सायकल कठड्याला टेकवून बसलो. डोळ्यांत पाणी होतं. त्या दिवशी तिथूनच परत फिरलो. महिन्याने पुन्हा गेलो तेव्हा पहिली पाच वळणं सगळ्यांना पुढे जाऊ दिलं.

तूही तेच कर. सर्वांत हलका गिअर पहिल्या वळणाआधीच टाक. दोन शब्द बोलता येतील एवढाच दम लागू दे. मागच्या गिअरमधलं सर्वांत मोठं दातेरी चक्र बत्तीस दात्यांचं तरी हवं; नसेल तर बदलून घे, यात काटकसर नको. खाणं दर अर्ध्या तासाला, भूक लागायची वाट न पाहता: खजूर, केळं, पाव-जॅम. आईने पाठवलेली शेंगाचटणी आणि कडक भाकरी मुक्कामासाठी ठेव. शेंगदाण्याचं तेल पचायला वेळ घेतं, आणि चढावर रक्त पायांकडे धावत असतं, पोटाकडे नाही.

उतरणीची मला जास्त काळजी वाटते. वर हवा पायथ्यापेक्षा सहा-सात अंशांनी गार, अंग घामाने भिजलेलं, आणि वेग वाढला की बोटं बधिर होतात. वाऱ्याचं जाकीट खिशात असू दे. ब्रेक सतत दाबून धरू नकोस, तापतात. वळणाआधी जोरात दाब, मग सोड. नजर वळणाच्या पलीकडे ठेव, दरीकडे नको.

वर पोहोचलास की लगेच फोन कर. तुझ्याकडे दुपारचे दोन वाजले असतील तर इथे साडेपाच झालेले असतील, मी नाक्यावर चहाला असेन. सातव्या वळणावर कसं वाटलं, ते आधी सांग.

तुझा,
काका