खाऱ्या हवेतील शांत सर्व्हर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्या वाचनालयाची इमारत समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. ग्रंथसूची आणि देवघेवीच्या नोंदी 'कोहा' या मुक्त प्रणालीवर आणाव्यात, तसेच जुन्या नियतकालिकांच्या स्कॅन केलेल्या प्रतीही त्याच यंत्रावर ठेवाव्यात, असे कार्यकारी मंडळाने ठरविले आहे. सध्याचा जुना टॉवर संगणक वाचनकक्षातच असून त्याच्या पंख्याच्या घरघरीने वाचक त्रासतात. शिवाय दर पावसाळ्यात त्याचा कोणता ना कोणता भाग निकामी होतो. डेबियन लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीसाठी आवाज न करणारे आणि वीज कमी खाणारे कोणते यंत्र घ्यावे?
— एका सार्वजनिक वाचनालयाचे कार्यवाह, मालवण तालुका

उत्तर : आपण आवाज आणि वीज यांविषयी विचारले आहे, परंतु खरे दुखणे पावसाळ्याविषयीच्या वाक्यात आहे, म्हणून सुरुवात तेथूनच करतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ ओलावा शोषून घेऊन विरघळू लागते, आणि आपल्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर या काळात आर्द्रता बहुतेक वेळ त्याहून अधिकच असते. पंखा असलेला संगणक चालू असेपर्यंत ही खारी हवा सतत आत ओढतो आणि धुळीबरोबर मिठाचे सूक्ष्म कण बोर्डावर बसत राहतात. यंत्र चालू असताना बोर्ड कोमट असतो, त्यामुळे हा थर कोरडा राहून फारसा उपद्रव देत नाही. संध्याकाळी वाचनालयाला कुलूप लावताना यंत्र बंद केले की बोर्ड थंड होतो, थर ओलसर होतो, आणि खारे पाणी विजेचे वाहक असल्याने सकाळी बटण दाबताच त्या ओल्या थरातून नको तेथे वीज वाहू लागते. मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले की बंद पडलेले यंत्र पुन्हा सुरू होते, हा दुरुस्तीवाल्यांचा उपाय आपण पाहिलाच असेल. त्या दातांवरून निघणारी काळपट-हिरवट घाण याच क्रियेतून आलेली असते.

यावरून माझे स्पष्ट मत असे आहे की, किनाऱ्यावरच्या सर्व्हरला, म्हणजे इतर संगणकांना माहिती पुरविणाऱ्या यंत्राला, पंखा असू नये आणि तो कधी बंद करू नये. पंखा नसला की बाहेरची हवा आत खेचली जात नाही, आणि यंत्र सतत चालू राहिले की त्याच्या स्वतःच्या उबेने आतील भाग कोरडा राहतो. कमी विजेचे यंत्र घ्यावे ते मुख्यतः यासाठी, कारण तेच वर्षभर चालू ठेवणे परवडते. हिशोब सोपा आहे : १ वॉट अखंड वर्षभर चालला तर ८.७६ युनिट होतात. आपला टॉवर सरासरी ६० वॉट घेत असेल आणि रोज ८ तास चालत असेल, तर वर्षाला सुमारे १७५ युनिट जातात. १० वॉटचे यंत्र रात्रंदिवस चालवूनही ८८ युनिटांच्या आतच राहते.

आता यंत्राची निवड. कोहा ही प्रणाली न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी १९९९ साली तयार झाली आणि जानेवारी २००० मध्ये तेथे सुरू झाली. तिची तयार पॅकेजेस डेबियनसाठी मिळतात, त्यामुळे आपली कार्यप्रणालीची निवड योग्य आहे. एका गावाच्या वाचनालयाला लागणारे काम जुन्या थिन क्लायंटलाही (कार्यालयांत मुख्य सर्व्हरला जोडून वापरायच्या छोट्या संगणकालाही) सहज पेलते. डेलचे वाइज ५०७० हे त्यांपैकी एक असून त्यात इंटेलचा सेलेरॉन जे४१०५ किंवा पेंटियम जे५००५ प्रोसेसर असतो, पंखा नसतो, डीडीआर४ मेमरीच्या दोन पट्ट्यांना जागा असते आणि एम.२ साटा जातीची एसएसडी (फिरते भाग नसलेली साठवण-पट्टी) बसते. कार्यालयांतून निघालेली अशी यंत्रे जुन्या बाजारात मिळतात. आठ जीबी मेमरी आणि स्कॅनच्या आकारमानाला पुरेल अशी एसएसडी घातली की आपले काम भागेल. खरेदीपूर्वी बायोसला, म्हणजे यंत्र सुरू होताना चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला, आधीच्या कार्यालयाने पासवर्ड लावून ठेवलेला नाही ना, हे दुकानातच तपासावे, कारण तो असेल तर यूएसबीवरून डेबियन बसविणेच अडून राहते.

नवीनच घ्यायचे असेल तर इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचे यंत्र पाहावे. चार कोअरचा हा प्रोसेसर २०२३ मध्ये आला आणि त्याची क्षमता वाइजपेक्षा बरीच अधिक आहे. मात्र एन१०० म्हटले की पंखा नसेल, असे समजू नये. बाजारातील बहुतेक चौकोनी डब्यांत एक लहानसा पंखा असतोच, आणि लहान पंखा वेगाने फिरत असल्याने त्याचा आवाज मोठ्या पंख्यापेक्षा कर्कश असतो. संपूर्ण पेटी ॲल्युमिनियमची असून वरच्या बाजूला उष्णता बाहेर टाकणारी उभी पाती असलेलेच मॉडेल मागावे.

साडेतीन इंची फिरती हार्ड डिस्क एकटीच ४ ते ८ वॉट घेते, शिवाय लाकडी फळीवर ठेवली की तिचा घूं असा आवाज साऱ्या खोलीत पसरतो, म्हणून ती यंत्रात ठेवू नये. यंत्र समुद्राकडच्या खिडकीसमोर किंवा बंद कपाटात न ठेवता आतल्या भिंतीवर, पाती उभी राहतील अशा रीतीने बसवावे, म्हणजे गरम हवा आपोआप वर निघून जाईल. हात लावल्यास पेटी चांगलीच गरम लागेल. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, कारण पंख्याचे काम आता ती पेटीच करीत असते. डेबियनच्या १२व्या आवृत्तीपासून आवश्यक फर्मवेअर (नेटवर्क चिपसारख्या भागांना लागणारे त्यांचे स्वतःचे सॉफ्टवेअर) अधिकृत स्थापना-प्रतीतच येते, त्यामुळे नेटवर्कसाठी पूर्वीसारखी वेगळी शोधाशोध करावी लागत नाही.

प्रश्न : विक्रेता 'हे यंत्र फक्त ६ वॉटचे आहे' असे सांगतो. त्यावर विश्वास ठेवावा का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : तो आकडा बहुधा प्रोसेसरच्या टीडीपीचा असतो. प्रोसेसरची उष्णता वाहून नेण्याची व्यवस्था किती क्षमतेची असावी, हे त्यावरून ठरते. भिंतीतील सॉकेटमधून यंत्र किती वीज घेते, हे त्यातून कळत नाही. मेमरी, एसएसडी, नेटवर्कची पोर्टे आणि अडॅप्टरमधील गळती हे सारे त्यावर चढते, त्यामुळे ६ वॉट टीडीपीचे यंत्र स्वस्थ बसलेले असतानाही ६ ते १० वॉट घेत असेल तर तेही चांगलेच समजावे. उलट ३५ वॉट टीडीपीचे लेनोवो टायनी किंवा एचपी मिनी यांसारखे जुने छोटे कार्यालयीन संगणक-यंत्र निवांत असताना १० वॉटच्या आसपास राहू शकते, आणि घरगुती सर्व्हर दिवसाचा बहुतेक वेळ निवांतच असतो. टॉवरच्या पेटीत कमी विजेचा बोर्ड बसविण्याचा विचार असेल तर ४५० वॉटचा पॉवर सप्लाय आड येतो, कारण १५-२० वॉटच्या भारावर असे सप्लाय अकार्यक्षम चालतात आणि त्यांच्या कार्यक्षमता-प्रमाणपत्राची चाचणी सहसा इतक्या कमी भारावर झालेली नसते.

सॉकेटमध्ये लावण्याचा वॉटमीटर मिळाला तर उत्तम. तो नसेल तर घरच्या मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा कामी येतो. त्याच्या शेजारी एका युनिटला किती स्पंद, हे छापलेले असते. तो आकडा ३२०० असेल, तर घरातील बाकी सर्व बंद करून दोन-तीन एलईडी दिवे लावून एक तास स्पंद मोजावेत आणि मग सर्व्हर जोडून पुन्हा एक तास मोजावेत. दोहोंत ३२ स्पंदांचा फरक पडला तर सर्व्हर १० वॉट घेतो. दिवे लावण्याचे कारण असे की, अगदी क्षुल्लक भारावर मीटर स्पंद नोंदवीलच याची खात्री नसते.

प्रश्न : गुहागरजवळ आमची पर्यटकांसाठी निवासव्यवस्था आहे. पाहुण्यांचे वायफाय आणि आमचा हिशोबाचा संगणक वेगळे राहावेत म्हणून ओपनबीएसडी या मुक्त कार्यप्रणालीवर फायरवॉल (नेटवर्कची राखण करणारे यंत्र) उभारायची आहे. पीसी इंजिन्सच्या एपीयू बोर्डाची शिफारस वाचली, पण तो कोठेच मिळत नाही. दुसरे काय घ्यावे?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : आपली निराशा मला समजते, कारण या कामासाठी इतका नेमका बोर्ड क्वचितच झाला असेल. एपीयू २ मध्ये एएमडीचा चार कोअरचा जीएक्स-४१२टीसी प्रोसेसर, इंटेलची तीन नेटवर्क पोर्टे आणि सिरियल पोर्ट होते. पंखा नव्हता, पेटीचा तळच उष्णता बाहेर टाकीत असे. स्वित्झर्लंडमधील या कंपनीने २०२३ मध्ये या मालिकेचा शेवट जाहीर केला.

आज त्याची जागा चार पोर्टांच्या बिनपंख्याच्या एन१०० पेट्यांनी घेतली आहे. ओपनबीएसडीतील पीएफ हे नेटवर्कवरची ये-जा गाळणारे सॉफ्टवेअर डिसेंबर २००१ च्या ३.० आवृत्तीपासून त्या प्रणालीचा भाग आहे आणि ते अतिशय काटकसरीने चालते, त्यामुळे १०० ते २०० एमबीपीएसच्या जोडणीला हा प्रोसेसर गरजेपेक्षा अधिकच आहे. आपण पैसे प्रोसेसरवर न घालता पोर्टांमागील चिप पाहून खर्च करावेत. इंटेलची आय२२६ चिप असेल तर ओपनबीएसडी आणि तिच्याच कुळातील फ्रीबीएसडी या दोहोंत तिचा चालक (ड्रायव्हर) मूळ प्रणालीतच असतो. रिअलटेकच्या २.५ गिगाबिट चिपचा चालक ओपनबीएसडीत आहे, पण फ्रीबीएसडीत तो अनेक वर्षे बाहेरून घ्यावा लागत असे. पुढेमागे प्रणाली बदलण्याची मुभा राहावी म्हणून मी इंटेलचीच शिफारस करीन. यूएसबीवर लावायची नेटवर्क अडॅप्टरे फायरवॉलसाठी वापरू नयेत.

विक्रेत्याच्या वर्णनात चिपचे नाव नसेल, तर ओपनबीएसडीची स्थापना-प्रत पेनड्राइव्हवर घेऊन जावे, यंत्र तिच्यावरून सुरू करावे, पहिल्याच प्रश्नाला शेल (आज्ञा टाइप करण्याची जागा) निवडावे आणि डीमेसेज (dmesg) ही आज्ञा द्यावी. ज्या भागाचा चालक सापडला नाही, त्याच्या ओळीच्या शेवटी 'नॉट कॉन्फिगर्ड' (not configured) असे छापले जाते. नेटवर्क पोर्टाच्या ओळीवर हे शब्द दिसले तर ते यंत्र तेथेच ठेवून यावे. दुकानदार यासाठी पाच मिनिटे देत नसेल, तर दुसरे दुकान पाहावे. आणि घरी आणल्यावर न वापरलेल्या पोर्टांना रबरी टोप्या बसवाव्यात, म्हणजे खारी हवा त्यांच्या धातूच्या स्प्रिंगांपर्यंत पोहोचणार नाही.

प्रश्न : शाळेत एक रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा एका बोर्डाचा संगणक) पडून आहे. त्यावर सर्व्हर चालेल का?
— एक शिक्षक, देवगड

उत्तर : लहान कामासाठी अवश्य चालेल. प्रणाली मेमरी कार्डावर न ठेवता यूएसबीला लावलेल्या एसएसडीवर ठेवावी, कारण सततच्या लेखनाने आणि अचानक वीज गेल्याने ही कार्डे लवकर खराब होतात. मोबाइलचा चार्जर न लावता ५ व्होल्ट, ३ अँपियरचा योग्य अडॅप्टर घ्यावा. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते, त्यामुळे वीज परत येऊन इंटरनेट अजून सुरू झालेले नसताना नोंदींवर चुकीची वेळ पडते. त्यासाठी स्वस्त घड्याळपट्टी मिळते, ती जोडावी. उघडा बोर्ड देवगडच्या हवेत ठेवू नये. प्रोसेसरला टेकणारी, सर्व बाजूंनी बंद अशी धातूची पेटी घ्यावी.

प्रश्न : दापोलीत पावसाळ्यात वीज सारखी जाते. सर्व्हर सतत चालू ठेवा म्हणता, ते कसे जमावे? घरी इन्व्हर्टर आहे.
— एक वाचक, दापोली

उत्तर : इन्व्हर्टर चालेल, पण तो स्वतःच चालू राहण्यासाठी काही वीज घेतो आणि १० वॉटच्या यंत्राबाबतीत हा वरखर्च यंत्राच्या खर्चाइतका होऊ शकतो. यंत्र १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारे असेल तर १२ व्होल्ट डीसी देणारा लहान यूपीएस अधिक बरा. बॅटरीची तार मात्र थेट यंत्राला जोडू नये. चार्जिंगच्या वेळी बॅटरीचा दाब १४ व्होल्टच्याही वर जातो, म्हणून मध्ये डीसी-डीसी नियंत्रक आणि फ्यूज हवाच. मोठा यूपीएस घेतल्यास त्याला यूएसबी जोडणी असावी, म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स हे मुक्त सॉफ्टवेअर बॅटरी संपण्यापूर्वी प्रणाली व्यवस्थित बंद करील. वीज आल्यावर यंत्र आपोआप सुरू होण्याची सोय बायोसमध्ये आहे का, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे. आपण घरी नसताना याच एका सोयीवर सारे अवलंबून असते.

मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की वीज व तांब्याच्या नेटवर्क तारा दोन्ही काढाव्यात आणि वादळ ओसरताच पुन्हा जोडाव्यात. काचेच्या फायबरमधून विजेचा झटका येत नाही, म्हणून घर आणि मांगर यांच्यामध्ये तार टाकायची असेल तर फायबरच टाकावी.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आपल्याच तालुक्यात वीज कित्येक दिवस नव्हती. अशा प्रसंगाला कोणतीही बॅटरी पुरणार नाही, आणि छपरातून पाणी आले तर यंत्रही वाचणार नाही. त्यासाठी दोन बाह्य एसएसडी ठेवाव्यात. एकीवर माहितीची कूटबद्ध प्रत घेऊन ती घाटावरच्या नातेवाइकांकडे सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, आणि दर तीन-चार महिन्यांनी जाण्यायेण्यात ती दुसरीशी बदलावी. परत आलेल्या प्रतीतून दोन-चार फायली उघडून पाहाव्यात आणि मगच तिच्यावर नवी प्रत घ्यावी.