मोबाईल स्टार्टर बुक करून दोन महिने झाले? पहिल्या लॉटसाठी भांडू नका

भाऊ, तुम्ही नवीन मॉडेलचा मोबाईल स्टार्टर (विहिरीवरची मोटर घरून फोनवर चालू-बंद करायची पेटी) बुक केला, पैसे भरले अन् डीलर रोज "पुढच्या हप्त्यात येते" म्हणते, हे वाचून माझा 2021 चा रब्बी आठवला. आमच्या दारव्ह्याकडं हेच झालं होतं.

मी दर दोन दिवसांनी दुकानात भांडलो अन् पहिल्या लॉटमधला पीस हट्टानं उचलून आणला. चुकलो तिथंच. शेतातली लाइन (वीज) रात्रीची होती, घरून मिस कॉल मारला, मोटर चालू झाल्याचा मेसेजही आला. सकाळी हरभऱ्यात गेलो तं आधी जळका वास आला. पेटी खोलली, वायर आत जाते त्या भोकाले रबरच नाही, पाल शिरून कॉन्टॅक्टरमध्ये (मोटरले वीज जोडणारा आतला स्विच) दबून मेलेली, तिच्यामुळं एक पॉइंट टेकतच नव्हता, म्हणून मोटर दोनच फेजवर राहून जळली. पण लाइनीत तिन्ही फेज (विजेच्या तिन्ही तारा) होते म्हणून स्टार्टर खुश, कारण तो येणारं व्होल्टेज पाहायचा, मोटरकडं जाणारा करंट नाही. रिवायंडिंगचे (मोटरीची तार नव्यानं गुंडाळायचे) साडेसहा हजार गेले.

अन् ते सर्व्हिस सेंटर! फोटो पाठवा, मग बिल दाखवा, मग म्हणे बिलावर सिरीयल नंबर काहून नाही. चार चकरा मारल्या, शेवटी साहेब सुट्टीवर. जाऊ द्या.

पुढच्या लॉटमध्ये भोकाले रबर आलं अन् करंट मोजणाऱ्या कॉइलीही आल्या. म्हणजे कंपनी शिकली, पण माझ्या मोटरीवर.

मोठ्या कंपन्यांचंही तसंच आहे. सॅमसंगचा घडीचा फोन एप्रिल 2019 मध्ये येणार होता, पण तपासायला दिलेल्यांपैकी काहींनी वरचा थर स्क्रीनगार्ड समजून सोलला अन् स्क्रीन गेल्या. मग थांबले, थर कडेखाली दाबला, बिजागरीले टोप्या लावल्या, सप्टेंबरात आणला. त्याआधी 2016 मध्ये नोट 7 च्या बॅटऱ्या पेटल्या, घाईनं बदलून दिलेले फोनही पेटले, शेवटी मॉडेलच बंद केलं. आता उशीर कशाचा ते मात्र विचारा. जिओफोन नेक्स्ट 2021 मध्ये गणेश चतुर्थीचा दिवाळीवर गेला तो चिपच्या टंचाईनं, तशा उशिरानं माल सुधारतेच असं नाही.

मी काही इलेक्ट्रिशियन नाही, माझ्या विहिरीवरचं सांगतो. बिलावर सिरीयल नंबर लिहूनच घ्या, स्टार्टरमधल्या सिमचा रिचार्ज संपू देऊ नका, अन् जुना स्टार्टर आत्ताच भंगारात देऊ नका, चेंजओव्हर (नव्यावरून जुन्यावर लाइन फिरवायचा स्विच) लावून बाजूला राहू द्या. तुमच्याकडं रात्रीची लाइन कोणत्या हप्त्यात असते?